सुट्टीतले अवकाश शिबिर : आपल्या मुलांसाठी आपणच कसे भरवावे?

गळीत हंगाम आटोपला, ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की कारखान्याच्या शेती खात्याची धावपळ जरा थंडावते. त्याच सुमारास शाळांच्या परीक्षा संपतात आणि घरोघरची मुले मोकळी होतात. नाशिक, पुणे, मुंबई येथील मुलांसाठी या दिवसांत शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. पोहण्याचे शिबिर, चित्रकलेचे शिबिर, आणि अलीकडे 'स्पेस कॅम्प' म्हणजे अवकाश शिबिर. आपल्या कार्यक्षेत्रातील मुले मात्र चार दिवस मामाच्या गावाला जातात आणि उरलेले दिवस मोबाईलवर काढतात. त्यांच्या डोक्यावर शहरापेक्षा कितीतरी काळेभोर, चांदण्यांनी भरलेले आकाश असते. पण ते दाखविणारे कोणी नसते.

या लेखात आम्ही एवढेच सांगणार आहोत, की असे शिबिर गावात भरविण्यास फार पैसा लागत नाही, मोठी यंत्रे लागत नाहीत. आखणी मात्र नीट लागते. ती कशी करावी, हे क्रमाने पाहू.

कारखान्याचा आणि आकाशाचा संबंध काय?

हा प्रश्न सभासद विचारणारच, आणि तो विचारलाही पाहिजे. "उसाच्या भावाचं बोला, आकाशाचं काय सांगता?" असे कोणी म्हटले तर त्यात चूक नाही. म्हणून आधी त्याचे उत्तर देतो.

पहिली गोष्ट, आपला ऊस आता आकाशातून मोजला जातो. देशात उसाखाली किती क्षेत्र आहे याचा अंदाज बांधताना साखर कारखान्यांची देशपातळीवरील संघटना 'इस्मा' उपग्रहाच्या चित्रांचा उपयोग करते. हिरवे पान सूर्यप्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त भाग मोठ्या प्रमाणात परत फेकते. उपग्रह तेच टिपतो आणि त्यावरून पीक कुठे जोमात आहे, कुठे पिवळे पडले आहे हे कळते. युरोपचा 'सेंटिनेल-२' हा उपग्रह दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद एवढा तुकडा चित्रातील एका ठिपक्यात दाखवितो. म्हणजे १०० चौरस मीटर. आपला एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. तेव्हा उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे आपला एक गुंठाच झाला! ही चित्रे दर पाच दिवसांनी मिळतात आणि कोणालाही फुकट पाहता येतात. उद्या आपल्या शेताचे असे चित्र समोर आले तर ते वाचणारा माणूस आपल्याच घरातला असावा, की बाहेरून आणावा?

दुसरी गोष्ट, साखर आणि रॉकेट ही एकमेकांपासून वाटतात तितकी लांब नाहीत. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात वालचंदनगर हे गाव साखर कारखान्याभोवती वसले. तेथील यंत्रशाळेत साखर कारखान्यांची यंत्रे तयार होत आली. त्याच गावात पुढे इस्रोच्या रॉकेटांचे पोलादी भागही बनू लागले. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ ज्या रॉकेटवरून उडाले, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या बूस्टरचे भाग वालचंदनगरचे होते. आपल्या जिल्ह्यात ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. त्याच्या आसपासच्या गावांतील सभासदांची मुले विमाने रोज पाहतात. ती उडतात कशी, हे त्यांना कोणी समजावून सांगितले आहे का?

तिसरी गोष्ट, सहकारी साखर कारखान्याने मुलांसाठी काही वेगळे करणे ही नवी चाल नव्हे. वारणेला तात्यासाहेब कोरे यांनी खेड्यातील मुलांचा बालवाद्यवृंद उभा केला आणि तो देशभर गाजला. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील यांनी कारखान्यापाठोपाठ शाळा काढल्या. त्या वेळीही "याने उतारा वाढणार आहे का?" असे कोणी विचारले असेल. उतारा वाढला नसेल, पण गावे वाढली.

हाताने करायचे, नुसते बघायचे नाही

बाजारात आज जी अवकाश शिबिरे आहेत, त्यांत चांगलीही आहेत आणि नुसता भपका असलेलीही आहेत. अंतराळवीराचा पोशाख घालून फोटो, पडद्यावर रॉकेटचे चित्र, शेवटी गुळगुळीत प्रमाणपत्र. मूल घरी येते ते रिकाम्या हाताने. पालकांनी अशा शिबिरास पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : माझे मूल स्वतः काय बनवेल? एका शिक्षकामागे मुले किती? आणि बिघडलेले पुन्हा करून पाहायला वेळ ठेवला आहे का?

महाराष्ट्रात या कामाची जुनी व खरी परंपरा आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली निघाली. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, त्या लाटेत मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. पुण्याच्या 'आयुका' संस्थेत जयंत नारळीकर यांनी मोठ्या संशोधनाबरोबर शाळकरी मुलांसाठीही दार उघडे ठेवले. तेथे पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली, आणि अरविंद गुप्ता यांनी आगपेट्या, सायकलची नळी, जुन्या बाटल्या, वर्तमानपत्र अशा टाकाऊ वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी बनवून दाखविली. त्यांचे सांगणे सोपे आहे : महाग उपकरण मूल भीत भीत हाताळते, टाकाऊ वस्तू ते मोडून बघते. आपल्या शिबिराचा पाया हाच असावा.

वेळ, जागा आणि चंद्र

शिबिराची तारीख कॅलेंडरवरील लाल रविवार पाहून ठरवू नये, तिथी पाहून ठरवावी. पौर्णिमेच्या आसपास चंद्राच्या उजेडात तारे फिके पडतात. शुद्ध तृतीया ते सप्तमी हे पाच दिवस सर्वांत सोयीचे. संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसते, रोज ती वाढते, रोज सुमारे पाऊण तास उशिरा मावळते, आणि नंतर तारे पाहण्यास अंधार मिळतो. एकाच शिबिरात दोन्ही साधते.

महिना एप्रिलचा उत्तरार्ध किंवा मे. मेच्या शेवटी वळवाचे ढग येऊ लागतात, म्हणून फार लांबवू नये. सकाळी ७ ते १०॥ आणि संध्याकाळी ५॥ ते ९॥ असे दोन वेळा काम ठेवावे. मधल्या उन्हात मुलांना बाहेर काढू नये.

जागा शाळेची गच्ची किंवा गावालगतचे मोकळे पटांगण असावी. कारखान्याच्या आवारात दिव्यांचा लखलखाट असतो, तेथे तारे दिसणार नाहीत. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो : उसाच्या फडाशेजारी, बांधावर रात्री मुले बसवू नयेत. निफाड, सिन्नर, दिंडोरी भागात उसात बिबट्या असतो, हे आपणांस सांगावयास नको. मुलांची ने-आण मोठ्या माणसांसोबत, गटाने व वाहनानेच करावी. साप-विंचवासाठी पायात बूट व हातात बॅटरी. बॅटरीच्या काचेला तांबडा जिलेटीन कागद लावावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.

संख्या चाळीस मुलांपेक्षा जास्त नको. पाच-पाचांचे आठ गट करावेत. इयत्ता सहावी ते आठवी. आठवीच का, ते पुढे सांगतो.

पाच दिवसांचा आराखडा

*पहिला दिवस : सूर्य.* सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कधीही पाहावयाचे नाही, हा पहिला नियम मुलांकडून वदवून घ्यावा. मग सूर्य पाहावयाचा कसा? लहान आरशावर कागद चिकटवावा आणि कागदाला पावलीएवढे भोक ठेवावे. या आरशाने उन्हाचा कवडसा अंधाऱ्या खोलीतील भिंतीवर पाडावा. आरसा भिंतीपासून वीस मीटरवर असेल तर भिंतीवर सुमारे १८ सेंटिमीटर व्यासाचे गोल बिंब पडते. ते उन्हाचा साधा ठिपका नव्हे, सूर्याची प्रतिमा आहे. भोक चौकोनी केले तरी बिंब गोलच येते, हे मुलांनी करून पाहावे. आता हिशेब : अंतराला बिंबाच्या व्यासाने भागले तर उत्तर १०८ च्या जवळपास येते. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. त्याला १०८ ने भागा. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर निघतो. एका आरशाच्या तुकड्याने सूर्य मोजला!

*दुसरा दिवस : सूर्यमाला गावात मांडणे.* पुस्तकातील चित्रात सगळे ग्रह शेजारी शेजारी बसलेले असतात. त्यामुळे मुलांच्या मनात अंतराची कल्पनाच चुकीची बसते. म्हणून १४ सेंटिमीटरचा चेंडू सूर्य समजून शाळेच्या फाटकात ठेवावा. या मापाने पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी होते आणि ती १५ मीटरवर ठेवावी लागते. चंद्र त्या मोहरीपासून सुमारे चार सेंटिमीटरवर. गुरू म्हणजे एक गोटी, ७८ मीटरवर. शनी त्याहून किंचित लहान, १४३ मीटरवर. शेवटचा नेपच्यून जवळजवळ अर्धा किलोमीटर चालल्यावर येतो. मुलांनी हे अंतर पावलांनी मोजून प्रत्येक ठिकाणी खुंटी ठोकावी. मग विचारावे, याच मापाने सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवू? उत्तर : चार हजार किलोमीटरवर, म्हणजे कन्याकुमारीच्याही कितीतरी पलीकडे. हे ऐकून पोरं गप्पच होतात.

याच दिवशी सिंहस्थाचा खेळ घ्यावा. आपण नाशिककर बारा वर्षांनी येणारा कुंभमेळा पाहत आलो. २०१५ साली झाला, पुढचे पर्वस्नान २०२७ साली. बाराच वर्षे का? तर गुरू ग्रह सिंह राशीत येतो तेव्हा सिंहस्थ, आणि गुरूला सूर्याभोवती एक फेरा घालण्यास सुमारे बारा वर्षे लागतात. मैदानात बारा मुले गोलाकार बसवावीत, त्या बारा राशी. मध्ये सूर्य. एक मूल पृथ्वी, एक गुरू. पृथ्वीने एक फेरी पूर्ण केली की गुरूने एक रास पुढे सरकायचे. पृथ्वीच्या बारा फेऱ्या झाल्या की गुरू पुन्हा सिंहेत हजर! प्रत्यक्षात गुरूला ११ वर्षे १० महिने लागतात. हा थोडा फरक साठत गेला, की क्वचित कुंभ अकराव्या वर्षी येतो. हरिद्वारला २०१० नंतर २०२१ साली आला तो असाच. आजोबांना पाठ असलेली गोष्ट नातवाला अशी कळते.

*तिसरा दिवस : पाण्याचे रॉकेट.* मुलांचा सर्वांत आवडता दिवस. मोटर सुरू करताना पाइपाचे मोकळे तोंड कसा झटका देऊन मागे उसळते, हे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असते. पाणी पुढे जाते, पाइप मागे येतो. रॉकेटचे तत्त्व नेमके हेच. फरक एवढा, की खरे रॉकेट पाण्याऐवजी तापलेला वायू खाली फेकते आणि स्वतः वर जाते.

सोडा किंवा शीतपेयाची दोन लिटरची जाड बाटली घ्यावी, साध्या पाण्याची पातळ बाटली नको. तोंडात रबरी बूच घट्ट बसवून त्यातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढावा. बाटलीत थोडे पाणी भरून ती उलटी, विटांच्या किंवा लाकडी घोडीच्या आधाराने उभी करावी आणि सायकलच्या पंपाने हवा भरावी. दाब पुरेसा झाला की बूच सुटते आणि बाटली उडते. पंप मारणारा मोठा माणूस असावा. मुले दहा मीटर लांब, बाटलीवर कोणी वाकायचे नाही, बूच अडकले तर मुलांनी जवळ जायचे नाही.

नुसते उडवून टाळ्या वाजवल्या तर ती जत्रा झाली. प्रयोग तेव्हा होतो, जेव्हा मोजमाप होते. एका गटाने बाटली रिकामी ठेवावी, दुसऱ्याने पाव भरावी, तिसऱ्याने एक तृतीयांश, चौथ्याने अर्धी, पाचव्याने पाऊण. कोणती सर्वांत उंच गेली? उंची मोजण्यासाठी कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा व खडा बांधून ओळंबा करावा आणि ३० मीटरवरून पाहावे. कोन ४५ अंश आला तर उंची सुमारे ३० मीटर. इतर कोन आल्यास कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून उंची मोजावी. आपण खताचा प्लॉट घेताना दोन सऱ्यांत एकच गोष्ट बदलतो, बाकी सारे सारखे ठेवतो. येथेही तेच. मुलाला ही शिस्त लागली, तर शिबिराचे अर्धे काम झाले.

एक सावधगिरीची सूचना. साखरेत सूर्याची ऊर्जा साठलेली असते, ती जळते, आणि परदेशात काही हौशी मंडळी साखर वापरून रॉकेट उडवितात, हे खरे. मोबाईलवर त्याचे व्हिडिओही मुलांना दिसतात. शिबिरात व घरी हे मुळीच करू देऊ नये. त्यात हात, डोळे गेल्याची उदाहरणे जगभर आहेत. आपल्या शिबिरात पाणी आणि हवा, एवढेच इंधन.

*चौथा दिवस : उजेडाची भाषा.* या दिवशी मुलांना कारखान्याच्या प्रयोगशाळेत न्यावे. केमिस्ट मंडळी रसाचा ब्रिक्स पाहतात तो उजेड किती वळतो त्यावरून. पोल पाहतात तोही उजेडावरूनच. रस न चाखता, त्यात साखर किती हे उजेड सांगतो. मग दूरच्या ताऱ्यात काय आहे हेही उजेड का सांगणार नाही? जुन्या सीडीच्या तुकड्यावर दिव्याचा उजेड तिरपा पाडून मुलांनी रंगांची पट्टी पाहावी. साध्या पिवळ्या बल्बची पट्टी सलग दिसते, ट्यूबलाइटची तुटक. प्रत्येक पदार्थाची रेघ ठरलेली. १८६८ साली सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेघ सापडली आणि त्यावरून हेलियम वायूचा पत्ता लागला. तो वायू पृथ्वीवर सापडायला १८९५ साल उजाडले. आधी सूर्यात सापडला, नंतर घरात!

त्याच दिवशी शेती खात्याच्या मदतीने उपग्रह चित्राचा खेळ घ्यावा. गटातील दहा-बारा प्लॉटांचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढावा, एक चौकट म्हणजे एक गुंठा. मुलांनी चौकटी मोजून क्षेत्र काढावे आणि उसाच्या नोंदीशी ताडून पाहावे. बांधावरची अर्धी चौकट धरायची की सोडायची, यावर मुलांत वाद होईल. तो होऊ द्यावा. उपग्रहाच्या मोजणीतही हीच अडचण असते.

*पाचवा दिवस : रात्रीचे आकाश.* तारे रोजच पाहावेत, पण शेवटच्या दिवशी मुलांनी पालकांना दाखवावेत. दुर्बिणीची घाई नको. आधी हात पुरे. हात सरळ पुढे धरून मूठ वळली तर तिची रुंदी सुमारे दहा अंश भरते. नाशिकला ध्रुवतारा क्षितिजापासून वीस अंशांवर, म्हणजे दोन मुठी वर. कारण आपले गाव विसाव्या अक्षांशावर आहे. ध्रुव किती मुठी वर, ते पाहिले की आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते कळते. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी, त्यांच्या शेपटीच्या बाकाने पुढे गेले की तांबूस स्वाती, तसेच पुढे चित्रा. दक्षिणेला क्षितिजालगत त्रिशंकू.

आणि मृग! मृगाचा पाऊस, रोहिणीचा पाऊस आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतो. पण जूनमध्ये मृग 'लागतो' तेव्हा तो आकाशात दिसत का नाही, हे किती जणांना सांगता येईल? ७-८ जूनच्या सुमारास सूर्य त्या नक्षत्रात येतो, म्हणून मृग 'लागला' म्हणतात. सूर्यासोबत तो दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो, मग रात्री दिसणार कसा? पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीत. एप्रिलमध्ये तो संध्याकाळी पश्चिमेला असतो आणि रोज चार मिनिटे लवकर मावळत मावळत मेअखेर सूर्याच्या उजेडात बुडतो. शिबिर संपल्यावरही मुलांनी घरच्या अंगणातून हे बुडणे वहीत टिपून ठेवावे. नक्षत्र पाहणे म्हणजे भविष्य पाहणे नव्हे, हेही त्यातून आपोआप कळते.

दुर्बीण मिळाली तर उत्तमच. साधी दुनेत्री असली तरी चंद्रावरची विवरे आणि, गुरू आकाशात असेल तर, त्याचे चंद्र दिसतात. ती तिपाईवर घट्ट बसवावी, हातात हलते.

शून्य सावलीचा दिवस

मेमधील एका प्रयोगाला खर्चच नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. नाशिक शहरात हा दिवस २० मेच्या सुमारास येतो. इगतपुरीला एक-दोन दिवस आधी, मालेगाव-सटाण्याकडे दोन-तीन दिवस नंतर. वेळ दुपारी साडेबाराच्या आसपास. दुसरा दिवस जुलैच्या २३-२४ च्या सुमारास, पण तेव्हा ढग असतात.

एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करावी. त्याच दिवशी, त्याच सुमारास कोल्हापूर भागातील एखाद्या शाळेस फोन करून त्यांच्या एक मीटर काठीची सावली विचारावी. तिकडे ती पावणेसहा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. कागदावर त्रिकोण काढून कोन मोजला तर सव्वातीन अंशांच्या जरा वर येतो. नाशिक-कोल्हापूर दक्षिणोत्तर अंतर सुमारे ३६५ किलोमीटर. एवढ्या कोनाला एवढे अंतर, तर पूर्ण ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा. उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या जवळ येते, आणि पृथ्वीचा घेर तेवढाच आहे. दोन काठ्या आणि एक फोन, एवढ्यात पृथ्वी मोजली. शिबिराची तिथी आणि हा दिवस जुळला तर दुधात साखर. न जुळल्यास हा प्रयोग मुलांनी घरच्या अंगणात करावा. उन्हात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये.

शिबिरानंतर पुढे काय?

शिबिर संपले, प्रमाणपत्र वाटले, विषय मिटला, असे होऊ नये. पुढची पायरी आहे.

इस्रोने २०१९ सालापासून 'युविका' म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम सुरू केला. नववीतील मुलांना मे महिन्यात सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात नेऊन शिकवितात. प्रवास, राहणे, जेवण हा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण धरतात, इंटरनेटवरून एक प्रश्नमंजुषा असते, विज्ञान प्रदर्शन, ऑलिंपियाड, खेळ, स्काउट यांनाही गुण असतात. आणि सभासदांनी हे ठळक लक्षात ठेवावे : ग्रामपंचायत हद्दीतील शाळेत शिकणाऱ्या मुलास १५ टक्के भार वेगळा दिला गेला आहे. म्हणजे खेड्यात शिकणे हे येथे उणे नाही, अधिक आहे. पण अर्ज भरण्याची मुदत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास थोडे दिवसच असते. त्या वेळी आपण तोडीच्या गडबडीत असतो. सूचना वेळेवर घरी पोहोचली नाही, तर हे १५ टक्के कागदावरच राहतील. म्हणूनच आम्ही आठवीपर्यंतच्या मुलांवर भर दिला. आठवीत गोडी लागली, विज्ञान प्रदर्शनात भाग घेतला, तर नववीत अर्ज भरता येतो. दरवर्षीचे नियम इस्रोच्या सूचनेत पाहून घ्यावेत.

सहलीसाठी लांब जाण्याची गरज नाही. नाशिक महापालिकेचे यशवंतराव चव्हाण तारांगण जवळच आहे, खेळाची वेळ आधी विचारून जावे. पुणे रस्त्याने नारायणगावला वळले की खोडद येथे जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या तीस मोठ्या तबकड्या, शेतांच्या मधोमध उभ्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना दाखवितात आणि शाळांचे प्रदर्शनही भरते. एक दिवसात जाऊन येता येते.

आणि हे केवळ हुशार शहरी मुलांचे काम, असे कोणी समजू नये. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला 'स्वयम्‌' उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. सरकारी शाळांतील ७५० मुलींनी हातभार लावलेला 'आझादीसॅट' ७ ऑगस्ट २०२२ रोजी उडाला, पण रॉकेट ठरल्या कक्षेत पोहोचू शकले नाही आणि उपग्रह गेला. मुलींचे काम तेथे थांबले नाही. दुसरा उपग्रह तयार झाला आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी तो कक्षेत पोहोचला. पहिली लागण वाया गेली म्हणून शेतकरी रान पडीक टाकत नाही, तसेच हे.

माणसे, पैसा आणि कोणाची मुले

शिकविणारे कुठून आणणार? गावातच आहेत. विज्ञान व गणिताचे शिक्षक, कारखान्याचे केमिस्ट, शेती अधिकारी, कार्यशाळेतील फिटर. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी आपल्या गावांत राहतात, त्यांना बोलवावे. शिबिराआधी या सर्वांनी दोन दिवस एकत्र बसून प्रत्येक प्रयोग स्वतः करून पाहावा. न केलेला प्रयोग मुलांसमोर करू नये.

सामान बाजारहाटात मिळते : बाटल्या, सायकलचा पंप, बुचे, आरसे, दोरी, खडू, कोनमापक, जुन्या सीड्या. खर्च मुख्यतः ने-आणीचा आणि नाश्त्याचा. प्रथमोपचार पेटी व कारखान्याचे वाहन पाचही दिवस राखीव ठेवावे. प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्यावी.

राहिला शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : चाळीस जागा कोणाच्या? गटाच्या पुढाऱ्याच्या नातवाच्या, की सर्वांच्या? आम्हांस वाटते, निम्म्या जागा मुलींच्या असाव्यात आणि रात्रीच्या कार्यक्रमास मुलींसोबत आयांनाही बोलवावे, म्हणजे "रात्रीचं कशाला पाठवायचं" हा प्रश्नच राहत नाही. काही जागा शेतमजुरांच्या मुलांसाठी राखाव्यात. आणि तोडणी कामगारांची मुले? ती मे महिन्यात येथे नसतात. त्यांच्यासाठी हंगाम चालू असताना, जानेवारीत, एका रात्री तळावर मृग दाखविण्याचा कार्यक्रम ठेवावा. मृग तेव्हा डोक्यावर असतो, आणि ऊस तोडणाऱ्याच्या पोराचाही त्या आकाशावर आपल्याइतकाच हक्क आहे.

निवड चिठ्ठ्या टाकून, सर्वांसमोर व्हावी. गुणांवर करू नये. गुणांची परीक्षा पुढे आहेच, गोडी लावण्यासाठी गुण कशाला?

सभासद बंधू-भगिनींनो, २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान चंद्रावर उतरले तेव्हा गावोगावी पेढे वाटले गेले. त्या आनंदात आपण पाहणारे होतो. पुढच्या वेळी करणाऱ्यांत आपले कोणी असावे, असे वाटत असेल तर सुरुवात शाळेच्या गच्चीवरून करावी लागेल. येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी प्रत्येक गटातून दोन गोष्टी कळवाव्यात : आपल्या गावी योग्य गच्ची वा पटांगण कोणते, आणि शिकविण्यास तयार असलेली माणसे कोण. नावे गट ऑफिसात द्यावीत. तेवढे हाती आले, की संचालक मंडळापुढे शिबिराचा विषय आकड्यांसह ठेवता येईल, आणि होय की नाही हे आपणच सभेत ठरवावयाचे आहे.